वीज, ऊन आणि गायरान

एकलहऱ्याची धुराडी नाशिकरोडच्या माणसाला नवी नाहीत. १९७० च्या सुमारास तेथे १४० मेगावॅटचे दोन संच उभे राहिले, पुढे १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॅटचे तीन संच आले. पहिले दोन केव्हाच निवृत्त झाले आणि उरलेल्या तिघांनीही चाळिशी ओलांडली आहे. त्यांच्या जागी ६६० मेगावॅटचा नवा संच द्या, ही कामगारांची व आसपासच्या गावांची मागणी इतकी जुनी झाली आहे, की ती करणारे कितीतरी जण स्वतःच निवृत्त झाले.

परवा विहारात वंदना आटोपल्यावर याच विषयावर बोलणे निघाले. ठेकेदाराकडे राख उचलण्याच्या कामावर असलेला एक तरुण म्हणाला, "दादा, कोळसा बंद झाला पाहिजे असं आता सगळेच सांगतात. मग आम्ही काय करायचं?" त्याचे बोलणे पुरे होते न होते तोच मागे बसलेल्या एका ताईंनी आपले गाऱ्हाणे मांडले. पत्र्याच्या खोलीत रात्री बारा वाजेपर्यंत लेकरू झोपत नाही, आणि कूलर आणला तर लाईट बिल झेपत नाही. एकाची भाकर कोळशावर आहे, दुसरीचे घर उन्हाने भाजते आहे, आणि दोघेही आपलेच आहेत. हा प्रश्न मोठमोठ्या परिषदांमध्ये बसणाऱ्यांचा आहे असे समजून आपल्याला बाजूला राहता येणार नाही.

विजेशी आपल्या चळवळीचे नाते जुने आहे. परमपूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, हे आपल्या घरातील शाळकरी मुलालाही माहीत असते. पण त्याच खात्याकडे पाटबंधारे आणि वीज हेही विषय होते, हे फार थोडे जण सांगतात. ऑक्टोबर १९४३ मध्ये विजेच्या धोरणावर नेमलेल्या समितीपुढे बोलताना बाबासाहेबांनी मुळात वीज कशासाठी हवी, हा प्रश्न विचारला. त्यांचे म्हणणे असे होते, की कारखानदारी वाढल्याशिवाय या देशातील गरिबीचा फेरा सुटणार नाही आणि स्वस्त व मुबलक विजेशिवाय कारखानदारी वाढणार नाही. तुकड्या-तुकड्यांच्या शेतीवर माणसांचा भार फार झाला आहे, हे त्यांनी १९१८ च्या आपल्या निबंधातच दाखवून दिले होते. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले ते त्यांच्याच कारकिर्दीत. दामोदर खोऱ्याची योजना पुढे गेली तीही त्यांच्याच काळात. पूर आवरायचा, शेतीला पाणी द्यायचे आणि त्याच पाण्यावर वीज करायची, असा तो विचार होता. (त्या धरणांखाली पुढे अनेक आदिवासींची गावे गेली आणि त्यांच्या पुनर्वसनाची रड बराच काळ चालली, हेही आपण विसरू नये. त्याकडे आम्ही पुढे येणारच आहोत.)

म्हणजे वीज ही चैनीची वस्तू आहे, असे बाबासाहेबांच्या अनुयायाला कोणी सांगू नये. दिव्याखाली बसून शिकलेली आपली पिढी आहे. अलीकडे काही सुशिक्षित मंडळी मात्र विहारात येऊन व्याख्याने देतात, की तथागतांनी तृष्णा सोडायला सांगितली, तेव्हा विजेचा वापर कमी करा. आम्हांला हसावे की रडावे ते कळत नाही. ज्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत एक पंखा आणि एक ट्यूबलाईट आहे, त्याने तृष्णा सोडायची ती कोणती? सिद्धार्थ गौतमाने राजवाड्यातील चैन सोडली तशी जंगलातील उपासमारही सोडली. तथागतांनी दारिद्र्याचे गोडवे गायले नाहीत, हे बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात स्पष्ट केले आहे. दीड टनाचा एक एसी रात्रभर चालला तर दहा-बारा युनिटे खातो. तेवढ्यात महिना शंभर युनिटे वापरणाऱ्या आपल्या घरातील दिवे, पंखे, टीव्ही आणि मिक्सर असे सगळे मिळून तीन दिवस चालते. तृष्णेवरचे व्याख्यान आधी कोठे द्यायला हवे, ते वाचकांनीच ठरवावे.

पण एवढे म्हणून आपल्याला सुटता येत नाही, कारण ऊन खरे आहे.

२१० मेगावॅटचा एक संच पूर्ण ताकदीने दिवसभर चालला तर सुमारे ५० लाख युनिटे वीज होते. आपल्याकडच्या कोळशाचा हिशेब एका युनिटाला सात-आठशे ग्रॅम असा धरला, तर रोज साडेतीन हजार टनांच्या वर कोळसा लागतो. तो कोळसा विदर्भाकडून मालगाड्यांनी येतो. त्याची हजार टनांवर राख होते, आणि युनिटामागे साधारण एक किलो या दराने पाच हजार टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. राख डोळ्यांना दिसते, कपड्यांवर बसते, म्हणून तिच्याविरुद्ध मोर्चे निघतात. हा वायू दिसत नाही. तो शेकडो वर्षे हवेत राहतो आणि पृथ्वीवर वाकळीवर वाकळ घातल्यासारखी ऊब आत कोंडून धरतो. २०२४ हे वर्ष जगात नोंद झालेले सर्वांत उष्ण वर्ष ठरले. कारखाने सुरू होण्याआधीच्या काळापेक्षा त्या वर्षीचे तापमान सुमारे दीड अंशाने जास्त होते. त्याच वर्षी ३० मे रोजी देशातील विजेची मागणी अडीच लाख मेगावॅटपर्यंत गेली, तो तोपर्यंतचा उच्चांक होता. ऊन वाढले की पंखे, कूलर, एसी वाढतात, ते वाढले की कोळसा वाढतो आणि कोळसा वाढला की पुन्हा ऊन वाढते.

हे सगळे आपण केले काय? एका भारतीयाच्या वाट्याला वर्षाकाठी साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड येतो, तर एका अमेरिकन माणसाच्या वाट्याला चौदा टनांच्या आसपास. आणि दोन टन ही सरासरी झाली. तिच्यात गंगापूर रोडवरचा बंगला आणि झोपडपट्टीतील खोली एकत्र मोजलेली आहे. भोगणे मात्र उलट क्रमाने वाट्याला येते. नाक्यावर कामाची वाट पाहत उभा राहणारा, स्लॅबच्या कामावर घमेली वाहणारी, कचरा वेचणारी, गटारीत उतरणारा, ही सगळी माणसे उन्हातच असतात. नोव्हेंबर २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात निफाडकडे अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली आणि द्राक्षबागा उद्ध्वस्त झाल्या. बागायतदाराच्या नुकसानीचे पंचनामे झाले आणि ते व्हायलाच हवेत. पण त्या बागांवर जी मजूर बाई रोजंदारीने जाणार होती, तिच्या बुडालेल्या रोजाचा पंचनामा कोणत्या कागदावर होतो?

म्हणून आमचे मत आम्ही स्पष्ट मांडतो. वीज वाढलीच पाहिजे आणि कोळसा हळूहळू कमी झालाच पाहिजे. भारत सरकारने २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत सांगितले, की २०३० पर्यंत कोळसा-तेलाशिवायची ५०० गिगावॅट क्षमता उभी करू आणि २०७० पर्यंत उत्सर्जनाचा हिशेब शून्यावर आणू. ही दिशा आम्हांला मान्य आहे. सूर्याच्या विजेला राख नाही. सूर्य मावळल्यावर काय, हा प्रश्न खरा आहे. बॅटऱ्या आणि पाणी वर चढवून साठवण्याच्या योजना पुरेशा होईपर्यंत संध्याकाळी कोळसा लागणार, हेही आम्ही मान्य करतो. आमची हरकत आहे ती दुसऱ्याच ठिकाणी. सौरपट्ट्यांना जमीन लागते, आणि आपल्या देशात जमीन म्हटली की ती कोणाकडून घ्यायची हे जणू आधीच ठरलेले असते.

शेजारच्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला. आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० खाली राज्यभर गावोगाव छोटे प्रकल्प उभारण्याचे काम निघाले आहे. एकूण उद्दिष्ट सुमारे १६ हजार मेगावॅटचे. योजनेचा हेतू चांगला आहे. शेतीपंपाला रात्रीऐवजी दिवसा वीज मिळावी, हा तो हेतू. यात आपलाही फायदा आहे, कारण रात्री-अपरात्री पाणी भरायला शेतात जाणारा मालक थोडाच असतो? तो सालदार असतो किंवा वाट्याने शेती करणारा असतो आणि साप त्यालाच चावतो.

आता हिशेब करा. एका मेगावॅटला चार एकर जमीन धरली तर १६ हजार मेगावॅटला ६४ हजार एकर होतात. खाजगी जमीन भाड्याने घेतली तर मालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि दरवर्षी त्यात तीन टक्के वाढ. सरकारी जमीन असेल तर नाममात्र भाड्यात ती कंपनीला मिळते, आणि ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरसाल पाच लाख रुपयांचे प्रोत्साहन आहे. ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याला भाडे, ग्रामपंचायतीला अनुदान. जो नावावर नसलेली सरकारी जमीन कसतो, त्याच्यासाठी या कोष्टकात रकानाच नाही.

आणि ही सरकारी जमीन म्हणजे बहुतेक ठिकाणी गायरान. गावाच्या कागदावर ते गुरांच्या चराईचे राखीव रान असते. प्रत्यक्षात महाराष्ट्रातील हजारो बौद्ध, मातंग, भटके-विमुक्त आणि आदिवासी कुटुंबांनी ते माळरान दगडगोटे वेचून वहिताखाली आणले आहे. गावातील जमीन वाटली गेली तेव्हा ज्यांना वाटाच मिळाला नव्हता, त्यांनी काढलेला हा वाटा आहे.

नाशिककरांना तर हे सांगायलाच नको. कर्मवीर दादासाहेब गायकवाड हे आपल्या दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे. १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात बाबासाहेबांचे ते उजवे हात. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांनी भूमिहीनांचा प्रश्न हाती घेतला. १९५९ मध्ये सत्याग्रह केला आणि ६ डिसेंबर १९६४ पासून रिपब्लिकन पक्षाने देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह छेडला तो त्यांच्याच नेतृत्वाखाली. लाखो माणसे तुरुंगात गेली. बायका कडेवर लेकरे घेऊन गेल्या. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, ही त्यातली प्रमुख मागणी होती. आपल्या जुन्या घरांमध्ये त्या तुरुंगवासाचे कागद अजून ट्रंकेत सापडतात. ते रद्दीत घालू नका, असे आम्ही मागेही लिहिले आहे.

त्या लढ्याचे फळ फार उशिरा आणि अर्धेमुर्धे मिळाले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. कागदावर ठरले, पण अनेकांचे अर्ज तहसीलातच धूळ खात पडले. पुढे २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. हा निकाल आपल्याला दाखवून भीती घातली जाते. पण त्याच निकालात अपवादही सांगितला आहे. शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना पट्टा दिलेला असेल, तर तेथे नियमित करण्यास वाव ठेवला आहे. हे वाक्य आपल्याला कोणी वाचून दाखवत नाही. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यभर गायरानधारकांना नोटिसा गेल्या तेव्हाही ते कोणी वाचून दाखवले नाही.

आता त्याच रानावर सौरपट्टे येत आहेत. कालपर्यंत चराईची जमीन शेतीला देता येत नाही म्हणून आपला अर्ज नाकारला जात होता. आज कंपनीसाठी तीच जमीन मोकळी होते. गुरांचे काय झाले, हे आता कोणी विचारत नाही! राज्यात काही ठिकाणी गायरान कसणाऱ्या कुटुंबांनी हरकती घेतल्या. लगेच विकासविरोधी म्हणून त्यांच्यावर शिक्का बसला. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये घटना समितीसाठी जे निवेदन तयार केले, त्यात मूलभूत उद्योग शासनाने चालवावेत आणि शेतजमीन शासनाची करून ती गावकऱ्यांना जातपात न पाहता कसायला द्यावी, असे त्यांनी मांडले होते. आज वीज खाजगी कंपनीकडे जाते आहे आणि शासनाची जमीनही तिच्याच मागे जाते आहे. दामोदर खोऱ्यातील आदिवासींची आठवण आम्ही वर काढली ती यासाठीच. वीज चांगली होती, योजनाही चांगली होती, आणि तरी किंमत देणारे तेच राहिले ज्यांच्या नावावर कागद नव्हता.

आम्ही सौर प्रकल्प अडवा असे म्हणत नाही. कसणाऱ्याचे वहित आधी नोंदा, त्याचा पट्टा नियमित करा आणि मग त्यालाही तेच हेक्टरी सव्वा लाखाचे भाडे द्या. तो आनंदाने जमीन देईल. तीन एकरांचा पट्टा असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपये म्हणजे मुलीच्या इंजिनीअरिंगची फी होते.

शहरातल्या छपराची गोष्ट याच जातीची आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन वा त्यावर ७८ हजार रुपये अनुदान आहे. २०२५ मध्ये राज्य शासनाने महिना शंभर युनिटांच्या आत वापर असणाऱ्यांसाठी त्यात भर घातली. एक किलोवॅटचा खर्च सुमारे ५० हजार धरून दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाने अडीच हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाने पाच हजार आणि इतरांनी दहा हजार भरायचे आहेत. एक किलोवॅटमधून महिन्याला शंभर-सव्वाशे युनिटे मिळतात, म्हणजे आपल्या घराचे बिल जवळजवळ मिटते. ज्यांचे स्वतःचे स्लॅबचे घर आहे आणि मीटर नावावर आहे, त्यांनी महावितरणच्या कार्यालयात जाऊन नाव नोंदवावे. आधी येईल त्याला आधी, असा नियम आहे, आणि आपण नेहमी शेवटी पोहोचतो.

पण स्वतःचा स्लॅब किती जणांचा? भाडेकरूचे मीटर घरमालकाच्या नावावर असते. झोपडपट्टीतील पत्रा सौरपट्ट्याचे ओझे आणि वारा सोसत नाही. चाळीत छप्पर सगळ्यांचे, म्हणून कोणाचेच नाही. तेव्हा ज्या ताईंचे लेकरू झोपत नाही, त्यांना ही योजना आजच्या रूपात लागू होत नाही. महापालिकेच्या शाळा, समाजमंदिरे आणि विहार यांच्या छपरांवर पट्टे बसवून ती वीज वस्तीतील मीटरांत वाटून वजा करावी, ही मागणी आपल्या नगरसेवकांनी सभागृहात मांडावी. तोपर्यंत घरात एवढे करता येईल. जुना पंखा ७५ वॅट खातो, नव्या प्रकारचा (दुकानात बीएलडीसी म्हणून मागावा) ३० वॅटच्या आसपास. रोज सोळा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला वीस-बावीस युनिटे वाचतात. दोन पंखे असतील तर शंभर युनिटांचा टप्पा ओलांडून पुढचा चढा दर लागण्याचे बरेचदा टळते. पत्र्याला वरून चुन्याचा पांढरा हात मारला तर आतली धग कमी होते, आणि त्याला वीज लागत नाही.

राहिला एकलहऱ्याचा तो तरुण. कायम कामगाराची बदली होईल, त्याला संघटना आहे, निवृत्तीवेतन आहे. ठेकेदाराच्या माणसाचे नाव कोणत्या यादीत आहे? उद्या संच बंद करण्याचा कागद निघाला तर त्या कागदावर या माणसांची संख्या लिहिलेली असावी. त्यांना सौर प्रकल्पांच्या उभारणीचे व देखभालीचे प्रशिक्षण, आणि त्या प्रशिक्षणाच्या काळात मजुरी. हे आज, संच चालू असताना मागायचे आहे. भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, हजेरीची पावती, गेट पासची झेरॉक्स, जे असेल ते प्रत्येकाने जपून ठेवावे. ठेकेदार बदलला की मागची वर्षे पुसली जातात, ती याच कागदांनी सिद्ध होतात.

आणि गायरान कसणाऱ्यांनीही तेच करावे. तलाठ्याकडे गाव नमुना १-ई ही अतिक्रमणाची नोंदवही असते, तिचा उतारा काढावा. दंड भरल्याच्या जुन्या पावत्या, पीक पाहणीच्या नोंदी, सत्याग्रहातील तुरुंगवासाचे दाखले, तहसीलात दिलेल्या अर्जांच्या पोचपावत्या एका फायलीत लावाव्यात. गावात सौर प्रकल्पाची मोजणी झाली असेल तर ग्रामपंचायतीच्या ठरावाची व मोजणी नकाशाची नक्कल माहितीच्या अधिकारात मागावी आणि लेखी हरकत देऊन तिच्यावर पोच घ्यावी. नाशिक, दिंडोरी, निफाड, येवला, सिन्नर, चांदवड या भागांतील ज्या गावांत अशी मोजणी झाली आहे, त्यांनी गावाचे नाव, गट नंबर आणि किती कुटुंबे कसतात ही माहिती या साप्ताहिकाच्या पत्त्यावर कळवावी. आलेली सर्व नावे एकत्र करून जिल्हाधिकाऱ्यांना द्यावयाचे निवेदन आम्ही तयार करीत आहोत, ते पुढील अंकांत छापू.

जयभीम.